एक समाज, तीन याद्या : युक्तिवादाचे अवयव ओळखताना

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असून, सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांच्या दर्शनासाठी रामनवमीच्या यात्रेत महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांतूनही भाविक येथे येतात. एकाच बोलीत बोलणारे आणि एकाच समाधीपुढे माथा टेकणारे हे लोक कायद्याच्या दृष्टीने मात्र तीन निरनिराळ्या वर्गांत मोडतात: महाराष्ट्रातील बंजारा विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात आहेत, तेलंगण व आंध्र प्रदेशातील लंबाडी किंवा सुगाली अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तर कर्नाटकातील लंबाणी अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. या विसंगतीवर बोट ठेवून महाराष्ट्रातील बंजारांनाही अनुसूचित जमातीत घ्यावे अशी मागणी अनेक वर्षे होत आली आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिने पुन्हा जोर धरला, तेव्हा मराठवाड्यात मोर्चे निघाले आणि आदिवासी संघटनांनी त्यांना विरोधही केला. मागणी योग्य की अयोग्य याचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. त्या मागणीभोवती जे बोलले जाते त्यात विधाने, घोषणा, स्पष्टीकरणे आणि युक्तिवाद इतके एकमेकांत गुंतलेले असतात की, चिकित्सक विचाराची पहिली पायरी, म्हणजे कोणते वाक्य काय काम करते हे ओळखणे, समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.

तर्कशास्त्रात विधान म्हणजे असे वाक्य की ज्याविषयी ते खरे आहे की खोटे, हा प्रश्न अर्थपूर्णपणे विचारता येतो. ते खरे असलेच पाहिजे असे नाही. खोटे विधानही विधानच असते, आणि ज्याचा खरेखोटेपणा आज कोणालाच ठरवता येत नाही असे वाक्यही विधान असू शकते. ‘पोहरादेवी वाशीम जिल्ह्यात आहे’ हे विधान आहे आणि ते खरे आहे. परंतु हेच शब्द १९९७ साली कोणी उच्चारले असते तर ते खोटे ठरले असते, कारण वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. (त्याच्याही आधी, इंग्रजी अमलात, बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता आणि तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला, तेव्हा हे वाक्य उच्चारणाऱ्याने कोणत्या काळाविषयी उच्चारले यावर त्याचे भवितव्य किती वेळा पालटले असते हे सहज ध्यानात येते.) यावरून एवढे दिसते की, विधान म्हणजे कागदावरचे नुसते शब्द नव्हेत, तर विशिष्ट काळी, विशिष्ट संदर्भात त्या शब्दांनी केलेला दावा होय, आणि वाद घालणारे दोघे एकच वाक्य उच्चारून दोन भिन्न विधाने करत असतील, तर त्यांचे भांडण कधीच मिटणार नाही.

व्याकरणाच्या रूपावरून विधान ओळखता येते असे मानणे मात्र धोक्याचे आहे. ‘पोहरादेवी ही बंजारांची काशी आहे’ या वाक्याचे रूप अगदी साध्या विधानाचे असले, तरी त्याचा भूगोल तपासत बसणारा माणूस हास्यास्पद ठरेल. तेथे रूपकातून आदर व्यक्त झालेला आहे. ‘पोहरादेवीला बंजारांची काशी म्हणतात’ हे वाक्य त्याच्या अगदी जवळचे दिसत असले तरी ते लोकव्यवहाराविषयीचे विधान आहे आणि तपासल्यास खरे ठरते. ‘जय सेवालाल’ हा जयघोष आहे. त्याला खरे किंवा खोटे म्हणता येत नाही. ‘आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या’ ही मागणी आहे, तीही खरीखोटी नसते, मान्य किंवा अमान्य होते. याउलट ‘तेलंगणात जे चालते ते महाराष्ट्रात का चालू नये?’ हे रूपाने प्रश्नार्थक वाक्य असूनही विचारणाऱ्याला उत्तर नको असते. महाराष्ट्रातही ते चालले पाहिजे, हे विधान त्याने प्रश्नाच्या आवरणात ठेवलेले असते. सभांमधून होणाऱ्या भाषणांत असे प्रश्न फार असतात, आणि चिकित्सक वाचकाने ते उलगडून त्यांचे विधानात रूपांतर करून पाहिले, तर अनेकदा असे आढळते की, प्रश्न म्हणून जे निर्विवाद वाटत होते ते विधान म्हणून मांडताच त्याला पुरावा मागावासा वाटतो.

एका वाक्यात अनेक विधानेही असू शकतात. पोहरादेवी येथे नंगाऱ्याच्या आकाराचे, बंजारा संस्कृतीचे दर्शन घडवणारे संग्रहालय उभारण्यात आले असून त्याचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, या एका वाक्यात स्थळ, आकार, विषय, तारीख आणि उद्घाटक यांविषयीची पाच स्वतंत्र विधाने आहेत आणि त्यांतील एक चुकले तरी उरलेली चार खरी राहू शकतात. त्याउलट ‘संसदेने कायदा केला तर महाराष्ट्रातील बंजारा अनुसूचित जमातीत येतील’ या जर-तर वाक्यात दोन विधाने आहेत असा भास होतो, पण वक्ता त्यांपैकी एकाचाही दावा करत नाही. संसद कायदा करील असे तो म्हणत नाही आणि बंजारा त्या यादीत येतील असेही म्हणत नाही, तर पहिले घडल्यास दुसरे घडेल एवढा दोहोंमधला संबंध तो सांगतो. राजकीय बातमीदारीत या जर-तरमधील ‘जर’ मथळ्यापर्यंत पोचताना गळून पडतो आणि अटीचे रूपांतर आश्वासनात होते, हा नेहमीचा अनुभव आहे.

कितीही वजनदार विधाने एकापुढे एक मांडली तरी त्यांचा युक्तिवाद होत नाही. सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी झाला असे मानले जाते, बंजारांच्या वस्तीला तांडा म्हणतात, त्यांच्या बोलीला गोरबोली म्हणतात, अशी माहिती देणारा परिच्छेद उपयुक्त असतो, पण त्यात कोणतेही विधान दुसऱ्याला टेकू देत नाही. युक्तिवाद तेव्हा होतो, जेव्हा एक किंवा अधिक विधाने दुसऱ्या एका विधानाचा स्वीकार करावा म्हणून पुढे केली जातात. जी विधाने आधार देतात त्यांना आधारविधाने आणि ज्याला आधार दिला जातो त्याला निष्कर्ष म्हणतात. ही नावे विधानांच्या कामावरून पडलेली आहेत. त्यामुळे एका युक्तिवादातला निष्कर्ष पुढच्या युक्तिवादात आधारविधान होऊ शकतो, आणि लांबलचक प्रतिपादनात अशा कड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. निष्कर्ष शेवटीच येतो असेही नाही. वृत्तपत्रीय अग्रलेखात तो बहुधा पहिल्याच वाक्यात असतो आणि वक्त्यांच्या भाषणात कधी कधी तो उच्चारलाच जात नाही, श्रोत्यांनी टाळ्या वाजवून तो पुरा करायचा असतो.

आधार आणि निष्कर्ष ओळखण्यासाठी मराठीत खुणेचे शब्द पुष्कळ आहेत. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘तेव्हा’, ‘यावरून’, ‘सबब’ यांच्यानंतर निष्कर्ष येण्याचा संभव असतो, तर ‘कारण’, ‘ज्या अर्थी’, ‘हे पाहता’ यांच्याबरोबर आधार येतो. या बाबतीत सरकारी अधिसूचनांच्या ज्या मराठीची सर्वत्र टिंगल होते ती मराठी प्रत्यक्षात आदर्श आहे. ‘ज्याअर्थी’ या शब्दाने सुरू होणारे एकामागून एक परिच्छेद आणि अखेरीस ‘त्याअर्थी’ या शब्दाने सुरू होणारा आदेश, अशी तिची रचना असल्यामुळे कोणत्या आधारांवर कोणता निर्णय उभा आहे हे वाचकाला पाहता क्षणी कळते, आणि आदेशाला न्यायालयात आव्हान द्यायचे तर नेमका कोणता ‘ज्याअर्थी’ पाडायचा हेही कळते. बोलण्यात मात्र अशा खुणा क्वचितच असतात. तांड्यावर नाईक, कारभारी आणि जाणत्या मंडळींपुढे भरणाऱ्या नसाबमध्ये, म्हणजे परंपरागत न्यायसभेत, बाजू मांडणारा माणूस ‘सबब’ म्हणत नाही; तो घटना सांगतो, म्हणी वापरतो, पूर्वी एखाद्या प्रकरणात काय ठरले होते याची आठवण करून देतो, आणि ऐकणारे त्यातून आधार कोणता व निष्कर्ष कोणता हे स्वतः जुळवून घेतात. खुणेचा शब्द नसला म्हणजे युक्तिवाद नाही असे समजणे चूक आहे, आणि खुणेचा शब्द असला म्हणजे युक्तिवाद आहेच, असे समजणे त्याहून मोठी चूक आहे.

या दुसऱ्या चुकीचे मूळ ‘कारण’ आणि ‘म्हणून’ हे शब्द दोन कामे करतात यात आहे. ‘बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेण्याचा बंजारांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडला, कारण रेल्वे आली’ या वाक्यात व्यवसाय मोडला हे सिद्ध करायचे नाही. ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही मान्य आहे. ते का घडले हे सांगायचे आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६७ पर्यंत भुसावळहून वऱ्हाड ओलांडून लोहमार्ग नागपूरला पोचला, तेव्हा शेकडो बैलांच्या तांड्यांनी जो माल महिनोन् महिने चालत नेला असता तो काही दिवसांत जाऊ लागला, हे त्या घटनेचे स्पष्टीकरण आहे. आता ‘बंजारांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात मोडला असला पाहिजे, कारण ज्या मार्गांवर ते माल नेत त्याच मार्गांवर रेल्वे आली’ असे कोणी म्हटले, तर तेच ‘कारण’ आधाराचे काम करू लागते, कारण येथे व्यवसाय मोडला की नाही हेच शंकास्पद मानून ते पटवायचे आहे. युक्तिवाद आणि स्पष्टीकरण यांतला भेद ओळखण्याची कसोटी म्हणूनच शब्दांत सापडत नाही. ऐकणाऱ्याला आधीपासून काय मान्य आहे आणि काय नाही, या प्रश्नात ती सापडते. मागणीच्या चर्चेत हा भेद हटकून विसरला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे जाळे पुढे विस्तारत गेले, बंजारांच्या काही गटांवरही तो शिक्का बसला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाल्यावर असे समाज ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले, हा इतिहास समाज मागे का राहिला याचे समर्थ स्पष्टीकरण आहे. परंतु तो सांगून झाल्यावर समाजाला कोणत्या यादीत घालावे हा प्रश्न आहे तेथेच राहतो, कारण मागासलेपणाची याद्यांमधली घरे अनेक आहेत.

आता मुख्य युक्तिवादाकडे वळता येईल. त्याचे लोकांच्या तोंडी असलेले रूप असे: ‘तेलंगणातील बंजारा अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रातील बंजारा आणि तेलंगणातील बंजारा एकच, म्हणून महाराष्ट्रातील बंजाराही अनुसूचित जमातीत असले पाहिजेत.’ दोन्ही आधारविधाने सामान्यतः मान्य होण्याजोगी आहेत. तेलंगण भागातील लंबाडींचा समावेश १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने झाला ही नोंदलेली गोष्ट आहे, आणि समाज एकच आहे याला भाषा, वेशभूषा, विवाहसंबंध व पोहरादेवीची यात्रा यांचा पुरावा आहे. तरीही या दोन विधानांतून निष्कर्ष आपोआप निघत नाही. मध्ये एक तिसरे विधान गृहीत धरलेले आहे आणि ते कोणी उच्चारत नाही: एक समाज एका राज्यात ज्या यादीत असेल त्याच यादीत तो सर्व राज्यांत असला पाहिजे. अशा न उच्चारलेल्या आधाराला गृहीतक म्हणतात. वादातले दोन्ही पक्ष उच्चारलेल्या विधानांवर तासन्‌तास झगडतात, बंजारा राजस्थानातून आले की नाही, दोन्हीकडची बोली एक की दोन यावर ग्रंथ लिहिले जातात, आणि खरा मतभेद ज्या विधानावर आहे ते मात्र कोणाच्याच तोंडी नसते.

गृहीतक उघड केले की त्याची परीक्षा करता येते. हे गृहीतक खरे मानले, तर त्याच्याच बळावर दुसरा युक्तिवादही तितक्याच सहजतेने रचता येतो: कर्नाटकातील बंजारा अनुसूचित जातीत आहेत, समाज एकच आहे, म्हणून महाराष्ट्रातील बंजारा अनुसूचित जातीत असले पाहिजेत. एकाच गृहीतकातून दोन न जुळणारे निष्कर्ष निघत असतील, तर दोष त्या गृहीतकात आहे हे उघड होते. भारतीय न्यायदर्शनाने या दोषाला फार पूर्वी नाव दिलेले आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या परंपरेत अनुमान दुसऱ्याला पटवून देताना पाच अवयव सांगतात: प्रतिज्ञा म्हणजे जे सिद्ध करायचे ते, हेतू म्हणजे त्याचे कारण, उदाहरण म्हणजे हेतू आणि साध्य यांची अभेद्य सोबत दाखवणारा दाखला, उपनय म्हणजे तो नियम प्रस्तुत बाबीला लावणे, आणि निगमन म्हणजे निष्कर्ष. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तसाच धूर या पर्वतावर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून मराठी शालेय पुस्तकांपर्यंत येत राहिले आहे. यातला तिसरा अवयव फार मोलाचा आहे, कारण तो बोलणाऱ्याला आपले गृहीतक उघडपणे उच्चारायला भाग पाडतो. पाश्चात्त्य परंपरेतील तीन अवयवांच्या संक्षिप्त मांडणीत दाखला देण्याची अशी सक्ती नाही. बंजारा असणे हा हेतू आणि अनुसूचित जमातीत असणे हे साध्य धरले, तर तेलंगणात हेतूबरोबर साध्य सापडते, पण कर्नाटकात हेतू असूनही साध्य सापडत नाही. साध्य जेथे नाही तेथेही जो हेतू आढळतो त्याला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात, म्हणजे साध्याशी एकनिष्ठ न राहणारा हेतू. असा हेतू दिसायला सबळ असला तरी काही सिद्ध करत नाही, आणि म्हणून त्याची गणना हेत्वाभासांत, म्हणजे हेतू असल्याचा केवळ भास निर्माण करणाऱ्यांत होते.

येथे थांबून मागणी करणाऱ्यांचा पराभव झाला असे जाहीर करणे हा मात्र चिकित्सेचा गैरवापर ठरेल. युक्तिवाद तपासताना त्याचे सर्वांत दुबळे रूप निवडून ते पाडण्यात शहाणपण नसते. समोरच्याला जे म्हणायचे आहे ते त्याच्याहून नीटस शब्दांत मांडून मग तपासणे हा विद्वत्तेचा शिष्टाचार आहे. मूळ युक्तिवादाचे बळकट रूप पुढीलप्रमाणे होईल. एखादा समाज अनुसूचित जमात आहे की नाही हे ठरवण्यासाठी लोकुर समितीने १९६५ मध्ये पाच निकष सांगितले: आदिम वैशिष्ट्ये, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपणा, इतर समाजाशी संपर्क टाळण्याची वृत्ती आणि मागासलेपण. तेलंगणातील लंबाडी जमातीच्या यादीत बसतात असे संसदेने १९७६ मध्ये मानले. महाराष्ट्रातील तांडे राहणी, बोली आणि सामाजिक रचना या बाबतींत तेलंगणातील तांड्यांसारखेच आहेत. म्हणून महाराष्ट्रातील बंजाराही ते निकष पूर्ण करत असले पाहिजेत. या रूपात कर्नाटकाचा आक्षेप तितकासा लागू पडत नाही, कारण आता आधार यादीतल्या नावावर नसून निकषांवर आहे, आणि कर्नाटकाने केलेली वर्गवारी चुकलेली असू शकते असे म्हणण्याची वाट मोकळी राहते. अर्थात तेलंगणातील वर्गवारीही चुकलेली असू शकते असे म्हणण्याची वाट त्याच न्यायाने विरोधकांना मोकळी होते, आणि ते तिचा उपयोग करतातही.

या बळकट युक्तिवादातील आधार एकमेकांत गुंफलेले आहेत: निकषांविषयीचे विधान, तेलंगणाविषयीचे विधान आणि साम्याविषयीचे विधान, यांतील एक काढले तरी उरलेल्या दोहोंतून काहीच निघत नाही. अशा आधारांना संयुक्त आधार म्हणता येईल. ‘बंजारांची संस्कृती वेगळी आहे’ हे पटवण्यासाठी त्यांची स्वतंत्र बोली, स्त्रियांचा भरतकाम व आरसे लावलेला पेहराव आणि तांड्याची स्वतःची न्यायव्यवस्था असे तीन आधार दिले, तर मात्र ते स्वतंत्र आधार होत. पेहराव आता फारसा वापरात नाही हे मान्य केले तरी बोलीचा आधार शिल्लक राहतो, निष्कर्षाचे बळ थोडे घटते पण तो कोसळत नाही. प्रतिवाद करणाऱ्याला हा फरक ओळखता आला नाही तर तो स्वतंत्र आधारांपैकी एक पाडून संपूर्ण इमारत पाडल्याचा आनंद मानतो. शिवाय हा दुसरा युक्तिवाद वैगमनिक आहे, म्हणजे त्याचे आधार खरे असले तरी निष्कर्ष निश्चित नसून केवळ संभाव्य ठरतो. नैगमनिक युक्तिवादात आधार खरे असताना निष्कर्ष खोटा असणे शक्यच नसते. बंजारा राजस्थानातून आले हा बोलीच्या साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष, किंवा तांड्यांच्या राहणीवरून काढलेला मागासलेपणाचा निष्कर्ष, त्या जातीचा नव्हे. दोन्ही प्रकारांना एकच मापदंड लावून ‘हे सिद्ध झालेले नाही’ असे म्हणणे सोपे असते, पण त्या मापाने इतिहास आणि समाजशास्त्र यांतले जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जुन्या नोंदींच्या, म्हणजे हैदराबाद गॅझेटच्या, आधारे जो युक्तिवाद केला जातो त्यात गृहीतकांची रांगच लागलेली आहे, आणि पोहरादेवीवरून पाहिले तर ती विशेष स्पष्ट दिसते. महाराष्ट्र शासनाने २ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी हैदराबाद गॅझेटच्या नोंदी विचारात घेण्याचे ठरवल्यावर, त्याच गॅझेटमध्ये बंजारांची नोंद जमात म्हणून असल्याने त्यांनाही जमातीचा लाभ मिळावा, असा युक्तिवाद पुढे आला. ब्रिटिश विचारवंत स्टीफन टूलमिन याने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी सुचवली ती येथे उपयोगी पडते. हॅरीचा जन्म बर्म्युडात झाला, म्हणून तो ब्रिटिश प्रजाजन आहे, या त्याच्या उदाहरणात जन्म ही माहिती, प्रजाजन असणे हा दावा, बर्म्युडात जन्मलेला माणूस सामान्यतः ब्रिटिश प्रजाजन असतो हा दोहोंना जोडणारा नियम, आणि त्या नियमामागे उभे असलेले कायदे हे त्याचे पाठबळ. गॅझेटच्या युक्तिवादात माहिती आणि दावा आहेत. जोडणारा नियम मात्र असा काहीसा धरावा लागतो की, जुन्या संस्थानी नोंदीत ज्या समाजाला जमात म्हटले आहे तो राज्यघटनेच्या अर्थाने अनुसूचित जमात होय. या नियमाला पाठबळ काय, हा प्रश्न विचारताच अडचणी सुरू होतात. त्या काळच्या नोंदींत जमात हा शब्द सैलपणे वापरला जात असे. गुन्हेगार जमाती कायद्याच्या नावातच तो आहे आणि त्या कायद्याखालचे अनेक समाज पुढे कोणत्याही जमातींच्या यादीत आले नाहीत. एकच शब्द आधारात एका अर्थाने आणि निष्कर्षात दुसऱ्या अर्थाने वापरला गेला, की युक्तिवाद वरवर अखंड दिसतो आणि आतून तुटलेला असतो. शब्दाच्या अशा दुहेरी वापरावर आधारलेल्या फसव्या प्रतिपादनाला न्यायशास्त्रात वाक्छल म्हणतात. दुसरी अडचण काळाची आहे: तेलंगणातील लंबाडी १९७६ च्या कायद्याने यादीत आले, म्हणजे मराठवाडा हैदराबादपासून वेगळा होऊन वीस वर्षे झाल्यावर, त्यामुळे त्यांचा समावेश संस्थानी नोंदीचा परिणाम होता असे दाखवायला आणखी पुरावा लागेल. तिसरी अडचण प्रदेशाची आहे. पोहरादेवी ज्या वऱ्हाडात आहे तो १८५३ मध्येच निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाला आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभारात आला. नावापुरते निजामाचे स्वामित्व तेथे राहिले असले तरी प्रशासन हैदराबादचे नव्हते. तेव्हा गॅझेटचा युक्तिवाद मराठवाड्यासाठी पूर्णपणे मान्य केला, तरी ज्या गावी हा समाज मस्तक टेकतो त्या गावच्या बंजारांना तो लागू करण्यासाठी आणखी एक दुवा जोडावा लागतो.

या साऱ्या युक्तिवादांचे निष्कर्ष ‘आहेत’ या क्रियापदाने संपत नाहीत, ‘असले पाहिजेत’ किंवा ‘घ्यावे’ यांनी संपतात, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने, योगायोगाने सेवालाल महाराजांच्या जन्माच्या पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथभागात असे निदर्शनास आणले की, लेखक आहे-नाहीची विधाने करता करता नकळत असावे-नसावेच्या विधानांवर जाऊन पोचतात आणि हा बदल कशाच्या जोरावर झाला हे सांगत नाहीत. समाज मागास आहे, समाज एकच आहे, नोंद आहे, ही सर्व आहे-प्रकारची विधाने आहेत. त्यांतून ‘घ्यावे’ निघण्यासाठी न्यायाविषयीचे किंवा कायद्याविषयीचे निदान एक विधान आधारांत असावेच लागते. ते न्यायाविषयीचे असेल, म्हणजे समान परिस्थितीतील लोकांना समान वागणूक मिळावी असे असेल, तर युक्तिवाद नैतिक होतो आणि त्याचे श्रोते संसद व समाज हे होत. ते कायद्याविषयीचे असेल तर युक्तिवाद न्यायालयापुढचा होतो, आणि तेथे चित्र पुष्कळ बदलते. नागपूर परिसरातील विणकर कोष्टी समाजाच्या हलबा असल्याच्या दाव्यावरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी असे ठरवले की, अनुसूचित जमातींची यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची, यादीत नसलेले नाव यादीतल्या नावातच मोडते असे पुराव्याने दाखवण्याची मुभा न्यायालयात नाही, आणि यादीत बदल करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार केवळ संसदेच्या कायद्याला आहे. या निकालाने बंजारांविषयीचे एकही आधारविधान खोटे ठरवलेले नाही. त्या आधारांवरून कोणापुढे कोणता निष्कर्ष मागता येतो एवढेच त्याने निश्चित केले.

विरोधी बाजूही हीच चाचणी चुकवू शकत नाही. ‘बंजारांना घेतले तर मूळ आदिवासींचा वाटा घटेल, म्हणून त्यांना घेऊ नये’ या युक्तिवादाचे आधारविधान आरक्षणाची टक्केवारी तीच राहील हे धरून चालते. ते कदाचित तसेच घडेलही, पण ते वेगळे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. शिवाय वाटा घटणे हा परिणाम एखादा समाज जमात आहे की नाही याविषयी काहीच सांगत नाही; तो समावेशाचे धोरण कसे आखावे याविषयी सांगतो. ‘बंजारा व्यापारी होते, गावोगाव फिरत, म्हणून त्यांच्यात भौगोलिक एकाकीपणा नव्हता’ हा विरोधकांचा दुसरा युक्तिवाद अधिक नेमका आहे, कारण तो लोकुर समितीच्या एका निकषावर थेट आघात करतो. त्याचे उत्तर द्यायचे तर व्यापाराचा काळ कोणता आणि निकष कोणत्या काळाच्या स्थितीला लावायचा, हे आधी ठरवावे लागेल. मतभेद नेमक्या आधारविधानावर आणण्याची ही शिस्त वऱ्हाड-नागपुरात मराठीतून रुजवण्याचा प्रयत्न तत्त्वज्ञ दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाने बराच काळ केला, आणि त्यातले वाद वाचताना असे जाणवते की, दोन विद्वान परस्परांशी असहमत असूनही आपण नेमके कोणत्या आधारविधानावर असहमत आहोत एवढे सहमतीने सांगू शकतात.

प्रत्यक्षात कोणत्याही समाजाचा प्रस्ताव अनुसूचित जमातींच्या यादीपर्यंत जाण्याचा जो मार्ग केंद्राने १९९९ मध्ये ठरवून दिला त्यात प्रथम राज्य सरकारची शिफारस लागते, मग भारताच्या महानिबंधकांचे मत आणि नंतर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचे मत घेतले जाते, आणि त्यानंतरच विधेयक संसदेपुढे येते. महानिबंधकांपुढे निकष पूर्ण होतात की नाही हे तपासले जाते; संसदेपुढे मात्र न्यायाचे विधान मांडावे लागते. महानिबंधकांनी न्यायाची भाषा ऐकून घेतली तरी त्यावर उत्तर देणे त्यांच्या कामाचा भाग नसतो, आणि संसदेत निकषांची तांत्रिक छाननी लांबवत नेली तर ‘घ्यावे’ या शब्दाला आधार देणारे विधान कोणीच मांडत नाही.